मांडीवरचा हात

माझी सवत भिंतीवर टांगलेली होती, म्हणून तिच्या झिंज्या उपटता आल्या नाहीत. नाहीतर मी काही सोडणाऱ्यातली नव्हे.

आमचे हे म्युझियममध्ये जुनी चित्रं दुरुस्त करायचे. रंग उडाला असेल तिथे भरायचा, कापड फाटलं असेल तर मागून दुसरं चिकटवायचं, पिवळं पडलेलं व्हार्निश हळूहळू काढायचं. म्युझियम कसलं, थोडी दालनं, एक करकरणारा जिना आणि दारात कायम सर्दी झालेला पहारेकरी. त्यात नाव घेण्यासारखं चित्र एकच. खिडकीशी एक बाई बसली आहे आणि डोळ्यांसमोर सुई धरून तिच्यात दोरा ओवते आहे. बास, एवढंच. हे तिला सुईवाली म्हणायचे.

ज्यानं ती काढली असं सगळे धरून चालले होते, तो चित्रकार मरून कित्येक पिढ्या झालेल्या. पण ह्यांच्या तोंडी तो कायम ‘थोरला’. थोरला असा रंग लावत नसे, थोरल्याला घाई खपत नसे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, ह्यांना एक मोठा भाऊ आहे आणि तो लग्नाला आला नाही. मी सासूबाईंना विचारलंसुद्धा, “मोठे भावोजी रुसलेत का हो?” त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. तर असा थोरला माझा दीर, सुईवाली माझी सवत, आणि मी ह्या दोघांचं ऐकत स्वयंपाक करणारी.

सवत का म्हणते, तर ऐका. म्युझियममधून येताना ह्यांच्या अंगाला तिचा वास यायचा, टर्पेंटाइनचा. चेहऱ्यावरचा मळ काढायला म्हणे औषधापेक्षा माणसाची थुंकी बरी. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा आणि तिच्या गालावरून फिरवायचा. हे स्वतःच मला कौतुकानं सांगत होते. मी म्हटलं, “आपली लेक तोंड माखून बसली आहे, तिचं पुसलं असतंत कधी तरी?” तर हसले. ह्यांचं हसणं म्हणजे विषय संपला.

मी घरी कपडे शिवते. उसवलेलं, आखूड झालेलं, घट्ट झालेलं, सगळं माझ्याकडे येतं. माझे डोळे लवकर अधू झाले. ह्यांची नजर मात्र अशी की मुंगीचे पाय मोजतील. म्हणून सकाळी कामावर जाण्याआधी हे माझ्या सुया ओवून ठेवायचे. खिडकीशी उभं राहून सुई उजेडात वर धरायची, एक डोळा बारीक करायचा, की दोरा पार. मग ती सुयांच्या छोट्या गादीला टोचायची आणि पुढची घ्यायची. मी म्हणायचे, “आली बाई सुईवाली.” ते म्हणायचे, “शिकलो कुणाकडून!” ह्यावर मी चिडले तरी सुया ओवलेल्या असायच्या, त्यामुळे फार चिडता यायचं नाही.

आता खरी गोम सांगते. राजधानीतल्या मोठ्या म्युझियममध्ये अगदी असंच दुसरं चित्र होतं. तीच बाई, तीच खिडकी, तीच सुई. त्या काळी नावाजलेल्या चित्रकाराच्या हाताखाली शागीर्द असायचे. एकाला आवडलेलं चित्र दुसऱ्यालाही हवं झालं की शागीर्द त्यावरून उतरवून द्यायचा. म्हणजे दोन्हींतलं एक थोरल्याच्या हातचं आणि एक शागिर्दाच्या. कोणतं कुणाचं, हे मात्र कुणी छातीठोक सांगत नव्हतं. त्यांच्या पाटीवर थोरल्याचं नाव, आमच्या पाटीवरही थोरल्याचंच. लग्नात दोन भांडलेले व्याही एकमेकांची नजर चुकवतात, तसं दोन्ही म्युझियमांचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

लग्नानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांतली गोष्ट. एकदा हे भर दुपारी पळत घरी आले. बुटाची नाडी सुटलेली, तोंडाला फेस. मला वाटलं आग लागली. मला मशीनवरून उठवलं आणि हाताला धरून त्यांच्या कामाच्या खोलीत नेलं. सुईवाली भिंतीवरून उतरवून टेबलावर आडवी ठेवली होती. सगळ्या खिडक्या बंद, एकीची फट तेवढी उघडी, आणि तिथून उजेड चित्रावर आडवा सरपटत आलेला.

“इथं बघ. तिच्या मांडीवर.”

घागऱ्याच्या चुण्यांमध्ये काहीतरी उंचवटा होता. रंगाखाली अजून रंग होता आणि त्याची कड उजेडात वर आली होती. ह्यांनी हवेत बोटानं ती कड गिरवून दाखवली, तेव्हा मला दिसलं. हात होता. मांडीवर विसावलेला, सुई धरलेला हात.

“आधी त्यानं हात खाली काढला होता,” हे कुजबुजले, जणू ती ऐकत होती. “मग मन बदललं. तो हात झाकून टाकला आणि वर डोळ्यांपाशी नवा काढला. अगं, उतरवणाऱ्याला हात कुठे आहे ते आधीच ठाऊक असतं. तो कशाला खाली काढेल? मन बदलतं ते मूळ काढणाऱ्याचं!”

मला लगेच पटलं. मापाचा कागद ठेवून कापलं तर उसवावं लागत नाही. मनानं बेतलं तरच उसवाउसवी होते. मी तसं म्हटलं, तर ह्यांनी मला पहारेकऱ्यादेखत मिठी मारली. चारचौघांत अशी मिठी आयुष्यात एकदाच मिळाली, तीही सवतीच्या नावानं.

त्यानंतर ह्या माणसाचं पाऊल गावाबाहेर पडलं नाही. राजधानीच्या म्युझियमनं ह्यांना बोलावलं होतं. ह्यांच्या हाताची कीर्ती तिथवर गेली होती. मी तर मनातल्या मनात घर लावून मोकळी झाले होते. लेकीला चांगली शाळा, मला रस्त्यावर उघडणारं दुकान. हे म्हणाले, “आणि सुईवालीकडे कोण बघणार?” मी अशी भांडले की शेजारीण दार लावून बसली. भांडी आपटली, अबोला धरला, लेकीला मध्ये घालून बोलले. पण खरं सांगू? आत कुठेतरी वाटत होतं, हा माणूस दारूपायी अडलेला नाही, बाईपायी नाही, एका अस्सल गोष्टीपायी अडला आहे. त्या एका शब्दावर मी माझं दुकान सोडलं. अस्सल.

आणखी एक सांगायचं राहिलं. लग्नाआधी हे स्वतः चित्रं काढत. ज्यांच्याकडे दुरुस्ती शिकले त्या मास्तरांनी बजावलं, दुसऱ्याच्या चित्रात आपला हात उतरता कामा नये, तेव्हा स्वतःचं काढणं बंद कर. ह्यांनी बंद केलं. ती चित्रं आमच्या कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभी होती. झाडताना कुंचा लागायचा, एवढाच आमचा त्यांच्याशी संबंध.

वर्षं गेली. लेक दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. ह्यांच्या निवृत्तीनंतरही म्युझियमनं ती खोली ह्यांच्याकडेच ठेवली, कारण सुईवालीला हात लावायची दुसऱ्या कुणाची छाती नव्हती. आणि मग ह्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, मधलं मधलं पुसट होत जाईल, कडेकडेचं राहील. ज्याच्याकडे बघाल तेच दिसणार नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून रडले. हे मात्र माझ्याशेजारी बसून म्हणाले, “मधलं जायच्या आत एकदा ठरवून टाकलं पाहिजे.”

“काय ठरवायचंय?”

“तिचं. दोन्ही चित्रांचे एक्स-रे शेजारी शेजारी ठेवायचे. खालचा हात सगळ्यांना दिसू दे. मी गेल्यावर कुणी भांडायला नको.”

म्युझियमचे साहेब अजिबात तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, पाटीवर नाव आहे, लोक येतात, बरं चाललंय, कशाला उकरून काढायचं? मीही तेच म्हटलं. “अहो, तुम्हाला माहीत आहे ना ती खरी आहे? मग झालं तर.” पण हे हट्टाला पेटले. साहेबांच्या दारात रोज जाऊन बसायचे. शेवटी साहेबांनी हात टेकले, राजधानीला कळवलं, आणि तिथून माणसं यंत्र घेऊन आली.

चित्राची तपासणी करून ती माणसं गेली. मग काही दिवसांनी तिथल्या तज्ज्ञ बाई निकाल घेऊन स्वतः आल्या. आमच्या लेकीच्याच वयाच्या. ह्यांच्या पाया पडल्या नाहीत एवढंच, बाकी मान देण्यात काही कसर नव्हती. “सर, तुम्ही व्हार्निश कसं काढलंत ते आम्ही शिकवताना दाखवतो,” म्हणाल्या. ह्यांनी मी शिवलेला नवा शर्ट घातला होता. मलाही मुद्दाम नेलं होतं. “तो हात पहिल्यांदा बघितला तेव्हा तू होतीस,” म्हणाले, “आताही तूच पाहिजेस.”

बाईंनी खालून उजेड असलेलं टेबल लावलं. म्हणाल्या, “आधी कापड. दोन्ही चित्रं एकाच ताग्यातल्या कापडावर आहेत. धागा न् धागा जुळतो.”

ह्यांनी माझं मनगट आवळलं. म्हणजे आमचं चित्र नंतर कुठंतरी परक्या ठिकाणी उतरवलेलं नव्हतं. थोरल्याच्याच खोलीतलं होतं.

मग बाईंनी आमच्या सुईवालीचा एक्स-रे ठेवला. बाई गं! एवढी वर्षं जो उंचवटा आम्ही दोघांनी आडव्या उजेडात चाचपला होता, तो पांढरा लख्ख हात झाला होता. बोटं, सांधे, नखंसुद्धा. ह्यांना समोर धरून दिसेना, तर मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं बघत होते. “बघ! बघ! सांगत नव्हतो?” म्हणाले आणि रडायला लागले. मीही पदरानं डोळे पुसले. सवत असली म्हणून काय झालं.

ह्यांचं रडणं सरल्यावर बाईंनी शेजारी दुसरा एक्स-रे ठेवला, राजधानीतल्या चित्राचा. म्हणाल्या, “सर, खालचा हात इथंही आहे.”

“असेल,” हे म्हणाले. “मग दोन्ही त्याचीच!”

बाईंनी भिंग पुढे केलं. ह्यांनी ते घेतलं. मला तर नुसता धूर दिसत होता. हे मात्र मान वाकडी करून इंचाइंचानं सरकत होते. मग विचारायला लागले, आणि आवाज हळूहळू खाली जात गेला.

“हा अंगठा?”

“पुन्हा पुन्हा काढलाय.”

“मान?”

“आधी ताठ होती, मग झुकवली. खिडकीपाशी आधी कुणीतरी उभं होतं, तेही घालवलंय. मनगट तर जमेचना झालंय त्यांना.”

“आणि आमच्यात...” हे भिंग घेऊन परत आमच्या बाजूला आले. बराच वेळ वाकून राहिले. मग स्वतःच म्हणाले, “आमच्यात एकच हात आहे. एका दमात काढलेला. आणि मग एका दमात वर.”

बाई खूप हळू बोलल्या. “दोघं एकाच खोलीत उभे होते, सर. थोरले काढत होते आणि शागीर्द त्यांच्याकडे बघून बरोबरीनं काढत होता. त्यांनी हात वर नेला, म्हणून ह्यालाही न्यावा लागला. तिकडे हात शोधलाय. इकडे सांगितल्यावर हलवलाय.”

एकावर एक दोन कापडं ठेवून कापली, तर वर चुकलेली कात्री खालच्या कापडातही चुकते. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का? सगळा जन्म मशीनवर गेला माझा! पण कधी डोक्यात आलं नाही, आणि ह्यांच्याही आलं नाही. शागीर्द चित्र पूर्ण झाल्यावरच उतरवायला बसतो, असंच आम्ही दोघं धरून बसलो होतो.

मी त्या बाईंवर खेकसले. त्यांचा काय दोष, पण खेकसले. “शागिर्दाचं तर शागिर्दाचं! चांगलं नाहीये का?”

“फार चांगलं आहे, काकू,” त्या म्हणाल्या. त्यांनी मांडीवरच्या त्या पांढऱ्या हातावर बोट ठेवलं. “हा खालचा हात तर थोरल्यांच्या खालच्या हातापेक्षा सुरेख आहे. त्यानं तो नखांपर्यंत पुरा केला होता. मग झाकावा लागला.”

हे तेव्हा टोपी शोधत होते. टोपी त्यांच्या हातातच होती.

पाटी बदलली. आता तिच्यावर ‘कार्यशाळेतील प्रत’ असं आहे, आणि खाली चित्रकाराच्या जागी काहीच नाही, कारण शागिर्दाचं नाव कुणाला माहीत असणार? सुईवालीला मोठ्या दालनातून काढून जिन्याच्या वळणावर लावलं. साहेब ह्यांना एका शब्दानं बोलले नाहीत. नुसते विचारायचे थांबले. कामाच्या खोलीत खुर्च्यांची रास आली. पहारेकऱ्यानं नाक ओढत मला विचारलं, “म्हणजे खोटं निघालं होय?” त्याला मी असं फैलावर घेतलं की तो सर्दी विसरला.

लेकीनं फोन केला. “बाबा, प्रत असली म्हणून काय झालं? जुनी तर आहे ना?” हे “हो, हो” म्हणाले आणि फोन माझ्याकडे दिला.

खरं तर मी पेढे वाटायला हवे होते. जन्मभर जिच्या नावानं बोटं मोडली, तिची अशी फजिती झाली होती. पण मला ते सोसेना. एका सकाळी मीच ह्यांना हाताला धरून म्युझियममध्ये घेऊन गेले. जिन्याच्या वळणावर तिच्यासमोर उभं केलं. मी, सवतीची वकिली करायला आलेली!

“बघा तरी तिच्याकडे. रंग बदलला का?”

“नाही.”

“उजेड बदलला? चेहरा बदलला?”

“नाही गं. कडेनं दिसतंय मला. सगळं जिथल्या तिथे आहे.”

“मग झालं काय तुम्हाला?”

“काहीच होत नाही,” हे म्हणाले. “आधी हिच्यासमोर आलो की पाय निघायचा नाही. आता एक बाई सुईत दोरा ओवते आहे. मला वाटायचं, मी त्याच्याशी बोलतोय. थोरल्याशी. रोज जाऊन बोलतोय. मी जन्मभर भलत्याशीच बोलत बसलो.”

माझं डोकं फिरलं. “भलता कसला? तोही दिवस दिवस उभा राहिला असेलच ना? त्याचेही पाय दुखले असतील! त्याच्यासाठी मी दुकान सोडलं होय? सोडलं तर सोडलं! पण मग निदान त्याला तरी माना!”

“तू म्हणतेस ते बरोबर आहे,” हे म्हणाले. ह्यांनी माझं एवढं चटकन कधीच कबूल केलं नव्हतं. त्याचीच मला धास्ती वाटली. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर मी कपाट सरकवलं आणि मागची ती चित्रं बाहेर काढली. झटकली, पुसली, एकेक करून भिंतीला टेकवून उभी केली. एक तर माझंच होतं, लग्न ठरलं तेव्हाचं. ते मला कधी दाखवलंही नव्हतं ह्या माणसानं. “हे तर तुमच्याच हातचं आहे ना?” मी म्हटलं. “ह्यात कुणाचा शागीर्द नाही ना?” ह्यांनी मान वळवून कडेनं बघितलं. बराच वेळ बघितलं. म्हणाले, “कुणाचं आहे हे?”

थट्टा करताहेत असं वाटून मी तोंडाकडे बघत राहिले. थट्टा नव्हती. मी ती चित्रं परत आत ठेवली.

आता हे घरी असतात. एवढी वर्षं मी ह्याच दिवसाची वाट बघत होते, की हा माणूस एकदाचा माझ्या घरात बसेल. बसलाय. वाढलं तर जेवतो, सांगितलं तर झोपतो. सवत गेली असं म्हणायला मला तोंड राहिलेलं नाही. जाताना ती ह्यांना घेऊन गेली.

काल एका कोटाचं अस्तर उसवलं होतं. माझ्या गादीवर ओवलेली सुई एकही नव्हती. ह्यांना आता दिसत नाही हे मला माहीत आहे, पण बोटांना सवय असते, म्हणून मी सुई आणि दोरा ह्यांच्या हातात दिला. म्हटलं, “ओवा बघू. तुमच्याशिवाय माझं काम अडलंय.”

हे खिडकीशीच बसले होते. उजेड चांगला होता. मी वाट बघत होते की आता हात वर जाईल, एक डोळा बारीक होईल. पण ह्यांनी सुई मांडीवरच धरली. तिथेच, खाली, न बघता दोऱ्याचं टोक तिला लावत राहिले. ते दर वेळी वाकत होतं.

“अहो, वर धरा. उजेडात.”

“कशाला?” हे म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी हात वर नेला असता. मशीनवर कोट तसाच उघडा पडला होता आणि ह्यांचा हात मांडीवर होता.